चूल नसलेला कारखाना

यंदाच्या अंकाचा विषय ‘कारखाना’ आहे, असं संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी धुराडं आलं. सांगलीकडे लहानपण गेलेल्या माणसाचं असंच होतं. कारखाना म्हणजे साखर कारखाना. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचं अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी टाकायचा समारंभ, मग चार-पाच महिने उसाच्या गाड्या, मळीचा वास आणि गावावरून सरकणारा धुराचा पट्टा. आग पेटली की हंगाम सुरू, आग विझली की संपला.

“साखरेवर पुष्कळ लिहून झालंय,” संपादक म्हणाले. “तुम्ही नाशिकला जा. वाइनचा कारखाना बघा.”

वाइनशी माझी ओळख पाटीपुरती. महाराष्ट्रात ज्या दुकानावर ‘वाईन शॉप’ अशी पाटी असते, तिथे वाइन शोधावी लागते. व्हिस्की-रमच्या भिंतीत कुठेतरी खालच्या कप्प्यात ती आडवी पडलेली असते. तरी गेले. एकदा फेब्रुवारीत, ऐन हंगामात, आणि एकदा ऑगस्टमध्ये. गंगापूर धरण आणि दिंडोरी यांच्या मधल्या पट्ट्यात एका मोठ्या वायनरीने आतपर्यंत जाऊ दिलं. कारखान्याचं आणि माणसांची नावं छापायची नाहीत, अशी बोली होती.

पहिल्या फेरीत फाटकातून आत शिरल्या शिरल्या नजर सवयीने वर गेली. धुराडं नव्हतं. उघड्यावर दुमजली, तिमजली उंचीच्या स्टीलच्या टाक्यांच्या रांगा होत्या, पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रांची घरघर होती, पायाखाली ओलं काँक्रीट होतं. पण कुठे काही पेटलेलं नव्हतं. पाइप धुवायला गरम पाणी करतात तेवढीच काय ती ऊब. उसाचा रस उकळावा लागतो, मळीची दारू करायची तर ती तापवून तिची वाफ धरावी लागते, बिअरचा काढा तास-दीड तास खळखळावा लागतो. द्राक्षाच्या रसाला यातलं काहीच नको असतं. त्याला हवा असतो गारवा. चूल नसलेला कारखाना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पहाटेचा वजनकाटा

सकाळचे साडेसहा वाजले होते. अंगावर शाल होती तरी हुडहुडी जात नव्हती. वजनकाट्यापाशी पिकअप गाड्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक गाडीत प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचलेले. द्राक्षं पहाटे, टॉर्चच्या उजेडात तोडलेली होती. ऊन चढल्यावर तोडलेला घड गरम असतो, वाटेत मणी फुटतात आणि फुटलेल्या मण्याचं आंबणं कारखान्याच्या फाटकाबाहेरच सुरू होतं. घडातली रात्रीची थंडी हा फुकटचा बर्फ आहे. तो वितळायच्या आत माल आत घ्यायचा.

तोडणीला आलेल्या बायका पेठ-सुरगाण्याकडच्या. द्राक्षाच्या हंगामात डोंगरातल्या पाड्यांवरून टोळ्या खाली दिंडोरी-निफाडला उतरतात, हे इथलं जुनं गणित. गाडीबरोबर आलेल्या एकीने मला चार मणी दिले. वाइनची द्राक्षं आंबट असतील अशी माझी समजूत होती. ती इतकी गोड होती की घशात बसली. मग दाताखाली बी आली आणि जाड सालीचा तुरटपणा जिभेवर राहिला.

“खायला नाही बरी,” ती म्हणाली. “सगळी बीच.”

खायच्या द्राक्षाचा बागाईतदार मणी मोठा करायच्या मागे असतो. थॉमसनचे घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवायचे, विरळणी करायची, मणी अठरा मिलीमीटरला पोचला की निर्यातीचा भाव. वाइनच्या बागेत हे सगळं उलट. शेनिन ब्लां, सॉव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबर्ने या जातींचा मणी लहानच असतो आणि लहानच राहू द्यायचा असतो. रंग, वास, तुरटपणा सालीत असतो. मणी जितका बारका, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. ज्याने तीस वर्षं मणी फुगवण्यात घालवली, त्याला ‘फुगवू नका’ हे पटवणं किती अवघड गेलं असेल, याचा अंदाज मला काट्यावरच्या एका बागाईतदाराशी बोलताना आला. आठ एकरांपैकी तीन एकर त्यांनी वाइनला दिले आहेत. “शेजारी विचारायचे, काका, तुमच्या बागेला काय रोग झालाय का?” ते हसत म्हणाले.

काट्यावरच्या मुलाने क्रेटमधून इकडून तिकडून मणी उचलले, पिशवीत चुरडले आणि रसाचा थेंब साखर मोजणाऱ्या ब्रिक्समीटरच्या काचेवर टाकला. साडेतेवीस. खायच्या द्राक्षाला अठरा आले तरी लोक खूश असतात. मग त्याने वहीत लिहिता लिहिता विचारलं, “काका, बाग किती दिवसांची?”

“एकशे बेचाळीस.”

नाशिकमध्ये बागेचं वय असं मोजतात, छाटणीपासून. युरोपात वेल थंडीत पानं टाकून झोपतो आणि वसंतात उठतो. इथे त्याला झोपवणारी थंडीच नाही. सोडला तर बारा महिने हिरवा राहील आणि फळाचं नाव घेणार नाही. म्हणून माणूस कात्रीने ऋतू घडवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिच्यावर काडी वाढते आणि काडीतल्या डोळ्यांत पुढच्या घडाची तयारी होते. मग पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळासाठी. तिथून साडेचार-पाच महिन्यांत घड टाकीच्या तोंडाशी. युरोपात तोडणी पानगळीच्या सुरुवातीला होते, आपल्याकडे ती जानेवारी ते मार्च. पावसाने भिजलेलं द्राक्ष कुणालाच नको असतं, म्हणून इथल्या माणसांनी पीक कोरड्या महिन्यांत ओढून आणलं आहे.

देठ, साल, बी

क्रेट उलटे झाले की माल पट्ट्यावरून सरकतो. दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका पानं, काड्या, बुरशी धरलेले घड वेचून टाकतात. पुढे फिरणारी जाळी मणी आणि देठ वेगळे करते. यंत्र भलंमोठं असलं तरी त्याला बजावलेलं एकच असतं, बी फुटता कामा नये. बियांतलं तेल आणि कडवटपणा रसात उतरला की तो काढता येत नाही.

इथून पुढे पांढरी आणि लाल यांचे रस्ते वेगळे. पांढरीसाठी साल लगेच बाजूला करायची. त्यासाठी आडवा पडलेला मोठा पिंप असतो. आत रबरी पडदा. त्यात हवा भरली की तो फुगतो आणि द्राक्षांना पिंपाच्या भिंतीशी दाबतो. थोडं दाबायचं, सोडायचं, पिंप फिरवायचा, पुन्हा दाबायचं. चक्का करताना आई फडकं असंच हलक्या हाताने पिळायची. घाई केली की दही फडक्यातून बाहेर. सुरुवातीला आपोआप निथळलेला रस सगळ्यात नितळ, तो वेगळ्या टाकीत. शेवटच्या दाबाचा रस तुरट, तो वेगळा. एक टन द्राक्षांतून साधारण सहाशे ते सातशे लिटर वाइन मिळते. म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीमागे किलो-सव्वा किलो द्राक्षं.

ताज्या रसात गंधकाचं क्षारयुक्त चूर्ण अगदी मोजून टाकलं जातं. त्याने रस काळवंडत नाही आणि रानटी जिवाणू गप्प बसतात. मी नाक मुरडलेलं पाहून वाइनमेकर म्हणाली, “ताई, तुमच्या तासगावचा पिवळाधमक बेदाणा गंधकाच्या धुरीशिवाय होतो का?” मी गप्प बसले. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, वय तिशीच्या आत. हंगामात ती कारखान्यातच झोपते. रात्री दोनला टाकीचं तापमान दोन अंशांनी चढलं तर ते सकाळी कळून उपयोग नसतो.

विरजण

रस रात्रभर आठ-दहा अंशांवर ठेवला की गाळ खाली बसतो. वरचा नितळ रस दुसऱ्या टाकीत घेतात आणि मग येतं यीस्ट. अर्धा किलोची घट्ट दाबलेली पुडी, विटेसारखी. कोमट पाण्यात भिजवली की वीस मिनिटांत फेस धरून वर येते. तीस हजार लिटरच्या टाकीला सहा-सात किलो पुरतं. मला इडलीचं पीठ आठवलं, दह्याचं विरजण आठवलं. तिने बरोबर धरलं: “विरजणच. फक्त कुठलं लावायचं ते आपण ठरवतो.”

ही गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. घरोघरी अशक्तपणावर घेतलं जाणारं द्राक्षासव हे द्राक्षाचं आंबवणंच आहे. वैद्य त्यात धायटीची फुलं घालतात आणि भांडं तोंड बंद करून महिनाभर ठेवतात. त्या फुलांबरोबर रानातलं यीस्टही भांड्यात जातं, आणि आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतं ते बाहेरून घातलेलं नसतं, आत तयार झालेलं असतं. फरक एवढाच की वैद्याचं भांडं कोपऱ्यात ठेवून विसरायचं असतं. इथे विसरलं की संपलं.

यीस्ट साखर खातं आणि तीन गोष्टी देतं: अल्कोहोल, कर्बवायू आणि उष्णता. एका लिटरमागे सतरा ग्रॅम साखर खाल्ली की एक टक्का अल्कोहोल. काकांच्या साडेतेवीस ब्रिक्सची वाइन साडेतेरा टक्क्यांच्या आसपास पोचते. साखरेचं जवळजवळ अर्धं वजन वायू होऊन उडून जातं. एका लिटर रसातून पन्नास लिटरच्या आसपास. तीस हजार लिटरची टाकी म्हणजे पंधरा लाख लिटर वायू. टाकीच्या डोक्यावरून तो सुसाटत असतो. कान लावला तर आत पाऊस पडत असल्यासारखं ऐकू येतं.

खरी लढाई उष्णतेशी. मोकळं सोडलं तर यीस्ट चार-पाच दिवसांत साखर फस्त करील, टाकी तापेल आणि फुलाफळांचा वास वायूबरोबर उडून जाईल. म्हणून पांढरी वाइन बारा ते पंधरा अंशांवर दोन-तीन आठवडे रेंगाळत ठेवतात. टाकीला दुहेरी भिंत असते. मधल्या पोकळीतून गार केलेलं ग्लायकॉलचं पाणी फिरतं. बाहेर फेब्रुवारीचं ऊन तेहतीस अंशांना भिडलेलं आणि टाकीच्या पोटावर पांढरं दव गोठलेलं. मी बोटाने त्यावर रेघ ओढली. वीज गेली तर काय, असं विचारलं तेव्हा तिने शेडमागचा डिझेल जनरेटर दाखवला. या कारखान्याची काही चूल असलीच तर ती हीच, आणि तीही गारव्यासाठी पेटते.

दुसऱ्या रांगेत एक वयस्क कामगार शिडीवर चढून प्रत्येक टाकीच्या तोंडाशी वाकून वास घेत होते. गळ्यात तुळशीची माळ. दरवर्षी वारीला जातात, वाइनचा थेंब कधी जिभेला लावलेला नाही, पण त्यांच्या नाकाला सगळा कारखाना मानतो. चौथ्या टाकीपाशी ते थांबले. “हिला भूक लागलीय,” म्हणाले. सडक्या अंड्याचा पुसटसा वास येत होता. रसात नत्र कमी पडलं की यीस्ट गंधकाचा असा वायू सोडतं. उपाय काय? डीएपी. तेच डायअमोनियम फॉस्फेट. इथे ते अगदी शुद्ध प्रतीचं आणि मोजून. बागेत वेलीला जे घालतो तेच टाकीत यीस्टला, हे त्यांनी मला ज्या सहजतेने सांगितलं त्यावरून त्यांच्या लेखी शेत आणि कारखाना यांच्यामधलं फाटक केव्हाच मोडलेलं दिसलं.

टोपी बुडवणारी माणसं

लाल वाइनच्या रसाला स्वतःचा रंग नसतो. शिराझ चिरडून पाहिलं तर रस फिकट. रंग सालीत, म्हणून रस, साल, बी सगळं एकत्र आंबवतात. वायूच्या जोराने साली वर तरंगतात आणि हातभर जाडीची टोपी तयार होते. ती कोरडी पडली की हवेतले जिवाणू तिचा शिरका करतात. म्हणून दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने उचलून टोपीवर धो धो ओततात. जांभळा फेस, दाट वास, खाली थरथरणारा पाइप. साखर कारखान्यातल्या रसाच्या वासाशी याचं नातं आहे, पण हा वास जिवंत आहे. दर तासाला बदलतो.

आठ-दहा दिवसांनी वाइन काढून घेतली की टाकीच्या तळाशी सालींचा ढीग उरतो. तो फावड्याने उपसायला माणसाला आत उतरावं लागतं आणि हंगामातलं सगळ्यात धोक्याचं काम हे. कर्बवायू हवेपेक्षा जड. तो खाली साचतो, दिसत नाही. दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. म्हणून आधी पंखा लावून टाकी मोकळी करायची, मीटर आत सोडून पाहायचं, कमरेला दोर बांधायचा, आणि तोंडाशी दुसरा माणूस उभा असल्याशिवाय कुणी पाय आत घालायचा नाही. माझ्यासमोर दोन पोरं उतरली. वरचा माणूस सारखा त्यांच्याशी बोलत होता; पिक्चरचं, क्रिकेटचं, काहीही. मला वाटलं टंगळमंगळ चाललीय. नंतर कळलं, आतून उत्तर येतंय का हे तो ऐकत होता.

वर वाइन, खाली बिअर

मोठ्या टाक्या, गार पाण्याचे पाइप, बाटल्या भरणारी यंत्रं. लांबून पाहणाऱ्याला बिअरचा कारखानाही असाच दिसेल. महाराष्ट्रातले बिअरचे मोठे कारखाने इथून पूर्वेला, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज परिसरात आहेत. पण दोघांचा पिंड वेगळा. बिअरचं जव राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशातून येतं, माल्ट होऊन पोत्यांत महिनोन्‌महिने टिकतं. कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं बहुतेक परदेशातून. म्हणून बिअर बाराही महिने, रोज सारखीच बनवता येते. तिच्यात स्थानिक असतं ते पाणी. बिअर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, आणि धुणं-उकळणं धरून चांगल्या आधुनिक कारखान्यातही लिटरमागे तीन-चार लिटर पाणी लागतं.

वाइनमध्ये पाणी घालत नाहीत. टाक्या आणि फरशी धुवायला लागतं तेवढंच, पण बाटलीत जे पाणी असतं ते वेलीने मुळांतून ओढलेलं. इथे स्थानिक असतं ते फळ, आणि फळ पोत्यात भरून ठेवता येत नाही.

वाइन आणि बिअर दोन्ही एकाच नदीवर आहेत, हा योगायोग मला नकाशा उघडल्यावर दिसला. गंगापूर धरणातून सुटलेली गोदावरी नाशिकच्या रामकुंडावरून, नांदूरमधमेश्वरावरून खाली पैठणला जायकवाडीत पोचते, आणि वाळूजच्या कारखान्यांना पाणी जायकवाडीचं. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली होती. पाऊस कमी झालेल्या वर्षी ‘वरचं पाणी सोडा’ म्हणून मराठवाडा आणि ‘आमच्या बागांचं काय’ म्हणून नाशिक-नगर यांच्यात जे पेटतं, ते दिवाळीच्या तोंडावर आपण वाचतो. गोडी छाटणीला आणि त्या भांडणाला मुहूर्त एकच, ऑक्टोबर. वर बागेला ठिबकने जातो तो थेंब आणि खाली बिअरच्या कढईत पडतो तो, धरणांच्या एकाच साखळीतला.

आधीची आणि नंतरची माणसं

नाशिकच्या वाइनची गोष्ट सुलाशिवाय पुरी होत नाही. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, अमेरिकेत ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि नव्वदच्या दशकात परत येऊन गंगापूर धरणाजवळच्या सावरगावला वडिलोपार्जित जमिनीवर आंबे, खायची द्राक्षं असे प्रयोग करत बसले. मग कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या मदतीने वाइनचे वेल लावले. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. नाव आईच्या नावावरून, सुलभा म्हणून सुला. २००५ मध्ये त्यांनी वायनरीतच चव घ्यायची खोली उघडली आणि मुंबईची गर्दी कसारा घाट चढून बाग बघायला येऊ लागली. २०२२च्या डिसेंबरमध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली.

पण वाट आधी कुणीतरी तुडवलेली होती. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यात नारायणगावला फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन केली होती, ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशात विकलीही गेली. पुढे त्यांची शातो इंडाज ही कंपनी कर्जात बुडाली. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, राज्यात पिकलेल्या द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क आखले. मग जो तो वायनरी काढू लागला. शेतकऱ्यांनी थॉमसन काढून शिराझ लावलं.

२००८च्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, जगभर मंदी आली, आणि वायनरींच्या टाक्यांत आधीच्याच हंगामाचा माल पडून राहिला. टाकी रिकामी नसेल तर द्राक्षं घेणार कुठे? काट्यावर भेटलेल्या काकांच्या धाकट्या भावाची बाग त्यानंतरच्या दोन वर्षांत गेली. ज्या वायनरीशी करार होता तिने फोन उचलणं बंद केलं. खायचं द्राक्ष व्यापाऱ्याने नाकारलं तर नाशिकच्या बाजारात नेता येतं, बेदाणा करता येतो. वाइनचं द्राक्ष कुणी खात नाही, त्याचा बेदाणा बियांनी भरलेला. “वरून कापून काढली,” काका म्हणाले. “रूटस्टॉक तेवढा ठेवला. त्याच्यावर परत थॉमसनची कलमं बांधली.” मुळं तीच, वरचं झाड दुसरं. जिल्ह्यात अशा कित्येक बागा आहेत.

२०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा ‘हे शेतकऱ्यांसाठी’ आणि ‘हे घराघरांत दारू नेणं’ अशा दोन टोकांना महाराष्ट्र उभा राहिला. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अमलात आला नाही. मी तोडणीवरच्या बायकांना त्याबद्दल विचारलं. त्यातल्या एकीने सरळ सांगितलं, “आमच्या पाड्यावर मोहाची काढली तर पोलीस येतात. इथं मोठ्या टाक्या भरतात तर सायेब येतात.” ती चिडलेली नव्हती, जे दिसतं ते सांगत होती. तिच्या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. वाइन ही शेती म्हणायची तर मोहफूल वेचणं हीही रानातली शेतीच आहे, आणि दारू म्हणायची तर दोन्ही दारू.

काही घडू न देण्याचे महिने

ऑगस्टमध्ये गेले तेव्हा कारखाना ओळखू आला नाही. पाऊस रिमझिमत होता, काट्याभोवती गवत वाढलेलं, पिंपाच्या तोंडावर ताडपत्री. आत मात्र टाक्या भरलेल्या. प्रत्येक टाकीला एक पाटी आणि पाटीवर खडूने जात, लॉट, तारीख. वाइनमेकरच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती.

“हंगामात काहीतरी घडवायचं असतं,” ती म्हणाली. “आता काही घडू द्यायचं नाही.”

हवेचा शिरकाव होऊ द्यायचा नाही. म्हणून अर्धवट भरलेल्या टाकीत नत्रवायू सोडून वाइनवर त्याचं पांघरूण घालतात. लाकडी पिंपांतली लाल वाइन लाकडातून किंचित किंचित उडते. सव्वादोनशे लिटरच्या ओकच्या प्रत्येक पिंपात ठरावीक दिवसांनी भर घालावी लागते. पिंपाच्या लाकडाचा स्वादही तीन-चार हंगामांत संपतो. पांढरी वाइन काही दिवस शून्याच्या खाली नेऊन ठेवतात, म्हणजे द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडे टाकीतच सुटतात, गिऱ्हाइकाच्या फ्रीजमध्ये काचेच्या तुकड्यांसारखे दिसत नाहीत. टाकीच्या भिंतीवरून खरवडलेला असा एक खडा तिने माझ्या हातावर ठेवला. चाटून पाहिला. चिंच! चिंचेचा आंबटपणा याच आम्लाचा. आपल्या उन्हात द्राक्षाचं आम्ल लवकर जळतं, म्हणून बहुतेकदा ते वरून थोडं घालावंही लागतं; आमटीत चिंचेचा कोळ घालावा तसं.

बाटल्या भरायची ओळ तेवढी जोरात चालू होती. रिकाम्या बाटल्या खळखळत येतात, धुतल्या जातात, भरल्या जातात, फिरकीचं बूच बसतं. बहुतेक बाटल्यांना आता झाडाच्या सालीचं बूच नसतंच, पण शब्द आपण तोच ठेवला आहे. पुढच्या टेबलावर लेबलांचे गठ्ठे होते: महाराष्ट्र, कर्नाटक, दिल्ली. वाइन एकच, पण प्रत्येक राज्याचा उत्पादन शुल्क विभाग वेगळा, नोंदणी वेगळी, किंमत वेगळी. एका शिफ्टमध्ये यंत्र जितक्या वेळा थांबलं, तितक्या वेळा ते बिघाडामुळे नव्हे, राज्य बदलल्यामुळे थांबलं.

मागच्या अंगाला चोथ्याचं खत होत होतं. फेब्रुवारीत टाकीतून उपसलेल्या साली-बिया काळ्या होऊन भुसभुशीत झाल्या होत्या. हे खत पुन्हा बागेत जातं. माळकरी काका तिथे फावडं घेऊन उभे होते. नुकतेच पंढरपूरहून आले होते. मी विचारलं, वारीत कुणी विचारतं का, काम कुठे करता? “द्राक्षाच्या कारखान्यात, असं सांगतो,” ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “खोटं नाही ना ते?”

खोटं नाही. एवढं स्टील, एवढी वीज, एवढी मोजमापं. पण हा कारखाना स्वतःचं काही ठरवू शकत नाही. साखर कारखाना दोन आठवडे उशिरा पेटला तरी ऊस शेतात उभा राहतो. बिअरचा कारखाना एखाद्या सोमवारी बंद ठेवून मंगळवारी चालू करता येतो. इथे फेब्रुवारीतल्या एका अवकाळी रात्रीने, पंधरा मिनिटांच्या गारपिटीने वर्षभराचं काम ठरतं आणि ती रात्र टाकीवर नाही, बागेवर येते. यंत्रांनी मिळवलंय ते एवढंच: जे दहा आठवड्यांत आलं, ते बारा महिने बिघडू न देणं.

पहिला दिवस

हा लेख जवळजवळ लिहून झाला होता. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक आकडा तपासायला बागाईतदार काकांना फोन लावला. मागे कात्र्यांची करकर आणि कुणीतरी कुणाला तरी हाका मारत असल्याचं ऐकू येत होतं. पाऊस अजून गेलेला नव्हता. छाटणीनंतर ओल राहिली तर कोवळ्या फुटीवर डावणीचा रोग बसतो, हे मला आता कळत होतं. तरीही छाटली का, असं विचारलं.

“वायनरीचा फोन आला होता ना. त्यांना फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात माल पाहिजे. मागे मोजत गेलं की आजचीच तारीख येते.”

मग पाठ केल्यासारखं मी विचारलं, “काका, बाग किती दिवसांची?”

ते मोठ्याने हसले. “आज पहिला, ताई. संध्याकाळपर्यंत पाऊस थांबला तर पहिला म्हणायचा.”